पॉलिसी सांगलीची की अमेरिकेची, आणि रात्री दोन वाजता फोन कुणाला?

बाबा रात्री पावणेदोनला स्वयंपाकघरात उभे होते. दिवा लावला नव्हता. फ्रीजच्या उजेडात जेलुसिलची बाटली शोधत होते. "काही नाही रे, छातीत जरा भरून आल्यासारखं झालंय. जेवण जड झालं असेल. सकाळी बघू."

सांगलीत असतो तर गाडी काढून दहा मिनिटांत ओळखीच्या डॉक्टरांची बेल वाजवली असती. न्यू जर्सीत मी आधी काय केलं? मनातल्या मनात बिलाचा आकडा मांडला. हे लिहितानाही लाज वाटते, पण लिहितो, कारण आई-बाबा सहा महिने राहायला आलेल्या बहुतेक घरांत हेच होतं. बहात्तर वर्षांचा माणूस, मधुमेह, बीपी, छातीत भरून आलेलं, आणि घरातले तिघेजण चाळीस मिनिटं खलबत करत बसलेले.

त्या चाळीस मिनिटांचं मूळ तीन महिने आधीच्या एका संध्याकाळी होतं. पॉलिसी निवडताना आम्ही प्रीमियम आणि वरची मोठी रक्कम एवढंच पाहिलं होतं. रात्री दोन वाजता ती कामाला येईल का, हा प्रश्न कुणाच्या डोक्यातच आला नाही. तुमचे आई-बाबा येणार असतील, तर आधी विम्याची तुलना करू आणि मग त्या रात्रीची. दोन्ही एकमेकींत गुंतलेल्या आहेत.

आधी जे मोजायचं नाही ते

भारतातला नेहमीचा मेडिक्लेम अमेरिकेत चालत नाही. परदेशातले उपचार धरणाऱ्या काही महागड्या योजना आहेत, पण घरातली जुनी पॉलिसी तशी असण्याची शक्यता कमीच. मुलाच्या कंपनीच्या विम्यात बायको-मुलं येतात, पाहुणे आलेले आई-बाबा सहसा येत नाहीत. मेडिकेअर, म्हणजे अमेरिकेचा ज्येष्ठांसाठीचा सरकारी विमा, पर्यटक व्हिसावर मिळत नाही. क्रेडिट कार्डावरच्या 'मोफत विम्या'त बहुतेक वेळा विमान-अपघात आणि हरवलेलं सामान, एवढंच निघतं.

विमाच न घेण्याचाही एक पर्याय आहे. अमेरिकेचा पर्यटक व्हिसा विमा मागत नाही, त्यामुळे "आमचे बाबा ठणठणीत आहेत" म्हणत तसेच येणारे पुष्कळ. साठीच्या आतल्या, एकही गोळी न घेणाऱ्या माणसाने दोन आठवड्यांसाठी हा जुगार खेळला तर एक वेळ समजू शकतो. सत्तरीच्या माणसाने सहा महिन्यांसाठी खेळू नये.

तीन ताटं शेजारी शेजारी

उरतात तीन गोष्टी. भारतीय कंपनीची परदेश प्रवास पॉलिसी, अमेरिकेत मिळणारी 'फिक्स्ड' व्हिजिटर योजना, आणि अमेरिकेतलीच 'कॉम्प्रिहेन्सिव्ह' योजना.

भारतीय पॉलिसी निघण्याआधी घ्यावी लागते. रुपयांत, ओळखीच्या एजंटाकडून किंवा फोनवरून अर्ध्या तासात होते. प्रीमियम सहसा अमेरिकन कॉम्प्रिहेन्सिव्हपेक्षा बराच कमी. डिडक्टिबल, म्हणजे आपण आधी भरायची रक्कम, बहुतेक ठिकाणी शंभर डॉलरच्या आसपास. कागदावर अगदी गोंडस. मेख पुढच्या पानांवर असते: साठीपुढच्या माणसांना अनेक योजनांत सब-लिमिट लागतात. पॉलिसी लाख डॉलरची असली तरी खोलीचे रोज इतकेच, सर्जनचे इतकेच, एका आजाराला मिळून इतकेच, असे कप्पे पाडलेले असतात. काही कंपन्या थोडा जास्त प्रीमियम घेऊन सब-लिमिट नसलेली योजना देतात. ती मागून घ्यावी लागते, आपणहून कुणी पुढे करत नाही.

अमेरिकन योजनांचा पहिला फायदा म्हणजे आई-बाबा इथे उतरल्यावरही घेता येतात. विसरलात तरी दार बंद होत नाही, फक्त घेण्याआधी सुरू झालेलं दुखणं त्यात येत नाही. फिक्स्ड योजनेचा कारभार रेशन दुकानासारखा: डॉक्टरच्या एका भेटीला इतके, इमर्जन्सी रूमला इतके, हॉस्पिटलच्या एका दिवसाला इतके. बिल कितीही येवो, कंपनी आपला ठरलेला तुकडा टाकणार, बाकी तुम्ही बघा. कॉम्प्रिहेन्सिव्हमध्ये टक्केवारी असते. डिडक्टिबल गेल्यावर पहिल्या पाच हजार डॉलरचे ८० टक्के कंपनीचे, २० तुमचे, आणि त्यापुढे पॉलिसीच्या कमाल रकमेपर्यंत सगळे कंपनीचे, हा नेहमीचा साचा. त्यांच्या नेटवर्कमधल्या हॉस्पिटलात गेलं तर हिशेब सुटसुटीत राहतो.

एक लुटुपुटूचं बिल घेऊ. समजा ॲम्ब्युलन्स, इमर्जन्सी रूम, दोन दिवसांचं ॲडमिशन, डॉक्टर आणि तपासण्या धरून ३०,००० डॉलर झाले. आकडे फक्त हिशेबापुरते आहेत, पण बिल याच चालीने फिरतं.

| योजना | गृहीत अटी | कंपनी देते (डॉलर) | आपल्या खिशातून (डॉलर) |
|---|---|---|---|
| भारतीय, सब-लिमिट नाही | डिडक्टिबल १०० | २९,९०० | १०० |
| भारतीय, सब-लिमिट आहे | एका आजाराला कमाल १५,००० | १५,००० | १५,००० |
| अमेरिकन फिक्स्ड | ठरलेले तुकडे मिळून ५,५०० | ५,५०० | २४,५०० |
| अमेरिकन कॉम्प्रिहेन्सिव्ह | डिडक्टिबल २५०, मग ८०-२० | २८,७५० | १,२५० |
| कुठलीही, 'जुना आजार' ठरला तर | दावा नाकारला | ० | ३०,००० |

शेवटची ओळ पुन्हा वाचा. वरच्या चार ओळींवर लोक तासन्‌तास वाद घालतात आणि घोडं पेंड खातं ते या पाचवीत.

फिक्स्डबद्दल माझं मत एका वाक्यात सांगतो: सर्दी-खोकल्याला पुरते, हृदयाला पुरत नाही. आणि आपण विमा सर्दीसाठी घेत नाही.

जुना आजार कुणाला म्हणायचं

सत्तरीच्या माणसाला परदेशात अचानक जे काही होतं, त्यातलं बरंचसं कुठल्या ना कुठल्या जुन्या दुखण्याचंच पोर असतं. बीपी होतं म्हणून हृदय, साखर होती म्हणून किडनी. कंपनीला नेमका तोच धागा हवा असतो.

भारतीय पॉलिसीत आधीपासूनचा आजार साधारणपणे वगळलेला असतो. त्यातल्या त्यात चांगल्या योजनांत 'जीव धोक्यात असेल तर' एवढी खिडकी उघडी ठेवलेली असते आणि तिच्यावरही रकमेची मर्यादा असते. ती किती, हे पॉलिसीच्या कागदात आकड्यात लिहिलेलं पाहिजे. एजंटाच्या "होतंय हो सगळं" ला काही किंमत नाही.

अमेरिकन योजनांत यासाठी वेगळा शब्दप्रयोग आहे, 'अक्यूट ऑनसेट'. म्हणजे जुना आजार असला तरी तो अचानक, आधी काही लक्षण न दाखवता उसळला आणि तुम्ही ठरलेल्या वेळात, बहुतेक योजनांत २४ तासांत, डॉक्टर गाठला, तर पैसे मिळतात. हळूहळू वाढत गेलेलं दुखणं यात बसत नाही. वयाची अटही बघा: सत्तरीनंतर अनेक योजनांत हा फायदा आटतो किंवा निघूनच जातो आणि पॉलिसीची कमाल रक्कमही खाली येते. बहात्तराव्या वाढदिवसाला 'लाख डॉलर' बघून घेतलेली योजना प्रत्यक्षात पन्नास हजारांची निघू शकते.

या २४ तासांच्या अटीचा दुसरा अर्थ माझ्या उशिरा लक्षात आला. "सकाळी बघू, परवा बघू" हे घरगुती धोरण तब्येतीला तर वाईटच, पण दाव्यालाही तितकंच वाईट. तिसऱ्या दिवशी हॉस्पिटलात गेलात की कंपनी विचारते, मग हे अचानक कसं?

आता फॉर्मची गोष्ट. बाबांची पॉलिसी काढताना एजंटाने पेन थांबवून विचारलं होतं, "बीपी-शुगर लिहायलाच पाहिजे का? प्रीमियम वाढेल, मेडिकल करायला लावतील." बाबा आयुष्यभर मार्केट यार्डात हळदीच्या अडत दुकानात हिशेब लिहीत आले. ते म्हणाले, "वहीत नाही ते मागता येत नाही. लिहा." त्या एका वाक्याने पुढे आम्हाला वाचवलं. लपवलेला आजार सापडला की कंपनी 'हा आजार वगळला आहे' म्हणत नाही, 'तुम्ही खोटं बोललात' म्हणते, आणि त्या दोन वाक्यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

भांडायची वेळ आली तर

ही बाजू तुलनेत कुणी धरत नाही. मी धरतो.

भारतीय पॉलिसीवर अमेरिकेतल्या हॉस्पिटलच्या खिडकीशी असलेल्या बाईंचा विश्वास बसत नाही, कारण ते नाव त्यांनी कधी ऐकलेलं नसतं. तुम्ही पॉलिसीवरच्या असिस्टन्स नंबरला फोन करायचा, त्यांनी हॉस्पिटलला पैशांची हमी कळवायची, अशी ती साखळी. जमली तर कॅशलेस. नाही जमली तर तुम्ही भरायचं, मग तपशीलवार बिल, डिस्चार्जचा कागद, पासपोर्टच्या पानांच्या प्रती असा गठ्ठा पाठवायचा आणि पैसे रुपयांत भारतातल्या खात्यावर येणार. उलट अमेरिकन कॉम्प्रिहेन्सिव्ह योजनेचं कार्ड नेटवर्कमधल्या हॉस्पिटलला वाचता येतं. त्या रात्रीपुरता तिचा मार्ग सरळ.

दावा फेटाळला गेला की मात्र पारडं फिरतं. भारतीय कंपनीविरुद्ध आधी तिच्याच तक्रार विभागाकडे, मग आयआरडीएआय या विमा नियामकाच्या बिमा भरोसा पोर्टलवर आणि विमा लोकपालाकडे जाता येतं. लोकपालाची कार्यालयं मुंबईत आणि पुण्यातही आहेत, फी नाही, वकील लागत नाही. अमेरिकन योजनेशी भांडण म्हणजे फोनवर, इंग्रजीत, 'अपील'चे कागद पाठवत. आई-बाबा परत सांगलीला गेल्यावर ते सगळं मुलाच्या गळ्यात.

दोन्हीकडच्या कंपन्या एक गोष्ट मात्र सारखीच मागतात: गेल्या काही वर्षांचे भारतातले वैद्यकीय कागद. आमच्या कंपनीनेही मागितले. सांगलीच्या डॉक्टरांकडे होते ते पिवळे पडलेले केसपेपर, निळ्या शाईत, प्रत्येक भेटीला दोन ओळी आणि खाली कोंबडीच्या पायांसारखी सही. माझ्या मावसभावाने दवाखान्याच्या बाकावर बसून त्यांचे मोबाइलवर फोटो काढले, आणि डॉक्टरांनी इंग्रजीत एक पानाचा गोषवारा लिहून दिला. तो गोषवारा निघण्याआधीच करून घ्या. रांगेत बसायला मावसभाऊ प्रत्येकाला असतो असं नाही.

मग घ्यायचं काय

आई-बाबा साठीच्या आत किंवा जेमतेम पुढे, एखादी बीपीची गोळी, मुक्काम दोन महिने: सब-लिमिट नसलेली भारतीय पॉलिसी घ्या, आजार लिहून. पैशाला पैसा वसूल.

पासष्ट ते सत्तर, साखर-बीपी दोन्ही, मुक्काम पाच-सहा महिने: अक्यूट ऑनसेट असलेली अमेरिकन कॉम्प्रिहेन्सिव्ह. महाग आहे, पण या वयोगटात तिचा उपयोग सगळ्यात जास्त. कमाल रक्कम 'प्रत्येक आजाराला' आहे की 'पूर्ण मुदतीला', तेवढं विचारा.

सत्तरीपुढे, स्टेंट किंवा बायपास झालेला: इथे कुठलीच योजना मनासारखी मिळत नाही. जीव धोक्यात असतानाच्या उपचाराची मर्यादा सगळ्यात जास्त कुणाची, एवढ्यावरच निवडा, मग ती भारतीय असो की अमेरिकन. आणि सहा महिन्यांऐवजी दोनच महिने बोलवायचं का, हेही घरात उघड बोला. मी ते बोललो नाही, कारण आईला नातीच्या वाढदिवसापर्यंत राहायचं होतं.

जाता जाता, वर्षभर चालणाऱ्या 'मल्टी-ट्रिप' पॉलिसीला भुलू नका. तिच्यात दर फेरीला दिवसांची मर्यादा असते, बहुधा महिना-दोन महिने, आणि आपले आई-बाबा सहा महिन्यांच्या तयारीने येतात, लोणच्याच्या बरण्यांसकट.

रात्रीचे दोन: चार दारं

आमच्यापुढे त्या रात्री चार पर्याय होते.

पहिला, सांगलीचे डॉक्टर. तिकडे सकाळचे साडेअकरा, म्हणजे ओपीडीची ऐन गर्दी. आईने व्हॉट्सॲप लावलाच. त्यांनी दोन प्रश्न विचारले आणि म्हणाले, "मला तिथून काही दिसत नाही. ईसीजी काढा, आत्ता." आपला डॉक्टर इतिहास सांगायला सगळ्यात उत्तम, निर्णय घ्यायला मात्र आठ हजार मैल लांब. शहाणा डॉक्टर हे स्वतःच सांगतो.

दुसरा, विम्याचा टेलिहेल्थ नंबर, म्हणजे फोनवरचा डॉक्टर. अंगावर पुरळ, पोट बिघडणं, गोळ्या संपल्या, यासाठी फार छान. छातीत दुखतंय म्हटल्यावर तेही ९११ ला, म्हणजे अमेरिकेच्या आणीबाणीच्या नंबरलाच लावा म्हणतात.

तिसरा, अर्जंट केअर, म्हणजे तातडीच्या पण किरकोळ दुखण्यांचा दवाखाना. दुकानांच्या ओळीत काचेचं दार असतं, अपॉइंटमेंट लागत नाही, आणि साध्या भेटीचे साधारण शंभर ते तीनशे डॉलर होतात. ताप, लघवीची जळजळ, मुरगळलेला पाय, टाके घालण्याजोगी जखम, कानदुखी यांसाठी इथेच जा. इमर्जन्सी रूममध्ये याच कामाला काही तास आणि काही हजार डॉलर जातात. पण अर्जंट केअर रात्री आठ-नऊला बंद होतं, आणि छातीची तक्रार घेऊन गेलात तर तेही ॲम्ब्युलन्स बोलावून हॉस्पिटलातच पाठवतात. बिलं दोन, वेळ वाया. शिवाय पाटी नीट वाचा. काही राज्यांत सुटी 'इमर्जन्सी' केंद्रं दिसायला अगदी अर्जंट केअरसारखी असतात आणि बिल मात्र इमर्जन्सी रूमचं लावतात.

चौथा, ९११. आपल्याकडे १०८ ची गाडी फुकट येते. महाराष्ट्रात ती २०१४ पासून धावते आहे आणि तिची सवय झालेल्याला अमेरिकन ॲम्ब्युलन्सचं बिल म्हणजे धक्काच. म्हणून लोक स्वतःच्या गाडीतून नेतात. छातीत दाब, एका बाजूचा हात किंवा चेहरा लुळा, बोलणं अडखळणं, श्वास न पुरणं, शुद्ध हरपणं, यांपैकी काहीही असेल तर नेऊ नका. गाडीत तुम्ही एकतर चालवाल किंवा बाबांकडे बघाल. ॲम्ब्युलन्समधली माणसं वाटेतच ईसीजी काढतात आणि हॉस्पिटलला आधी कळवतात. अर्धांगात गुठळी विरघळवणारं इंजेक्शन लक्षणं सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आतच देता येतं, तेव्हा 'शेवटचं नीट कधी बोलले' ती वेळ लिहून ठेवा. आणि मधुमेहाच्या रुग्णाला हार्ट अटॅकमध्ये छातीत दुखेलच असं नाही. नुसता घाम, मळमळ, दम लागणं, एवढ्यावरही तो येतो. बाबांचं 'भरून आल्यासारखं' म्हणूनच हलक्यात घेण्यासारखं नव्हतं.

बिलाच्या भीतीवर एक उतारा आहे. १९८६ च्या एमटाला या केंद्रीय कायद्याने मेडिकेअर घेणाऱ्या हॉस्पिटलांना, म्हणजे जवळजवळ सगळ्यांनाच, इमर्जन्सीत आलेल्या माणसाला तपासून स्थिर करावंच लागतं, पैसे असोत नसोत, विमा असो नसो, नागरिक असो नसो. बिल नंतर येतं, पण दारातून परत कुणी पाठवत नाही. डिपॉझिट भरल्याशिवाय खाट नाही, हा आपल्या अंगवळणी पडलेला अनुभव तिथे मनातून काढून टाका.

आई-बाबा दुपारी घरी एकटे असतात, तेव्हाचाही विचार करा. ९११ कुठल्याही मोबाइलवरून लागतो, सिम चालू नसलं तरी. अडचण येते ती पत्ता सांगण्यात. आमच्या फ्रीजवर आता मोठ्या अक्षरात, देवनागरीत, घर नंबरासह पत्ता चिकटवलाय. त्याखाली दोन वाक्यं, तीही देवनागरीतच: 'चेस्ट पेन. सेंड ॲम्ब्युलन्स.' आईने ती पाठ केली आहेत, मारुती स्तोत्राच्या सुरात.

आत गेल्यावर

नर्सने औषधं विचारली. बाबांनी डबा पुढे केला: टेल्मा, ग्लायकोमेट, इकोस्प्रिन. तिला एकाचाही बोध होईना. ब्रँडची नावं तिकडे कुणाला माहीत नसतात, औषधाचं मूळ नाव लागतं: टेल्मिसार्टन, मेटफॉर्मिन, ॲस्पिरिन, आणि किती मिलिग्रॅम. आपलं पॅरासिटामॉलसुद्धा तिथे ॲसिटामिनोफेन होतं. मी फोनवर एकेक गोळी शोधत बसलो. अशा वेळी दहा मिनिटं फार मोठी असतात.

मग तिने विचारलं, दुभाष्या हवाय का? सरकारी पैसा घेणाऱ्या हॉस्पिटलांना तो फुकट द्यावा लागतो, आणि मराठीचाही मिळतो. चाकांच्या स्टँडवर टॅबलेट आला, त्यातून एक बाई नागपुरी वळणाने म्हणाल्या, "काका, काय होऊन राहिलंय, मला सांगा." बाबांचा चेहरा पहिल्यांदा सैल झाला. मी इतका वेळ 'भरून आल्यासारखं' चं 'पेन' करत होतो. त्या बाईंनी विचारलं, "दुखतंय, की दाब आल्यासारखं, की जीव घाबरतोय?" बाबा म्हणाले, "दाब. आणि घाम आला होता, मुलाला सांगितलं नाही." डॉक्टरने मान वर केली. मुलगा दुभाष्या असला की बाप अर्धं लपवतो, हे मी त्या खोलीत शिकलो. तेव्हा इंग्रजी कितीही चांगलं असलं तरी दुभाष्या मागाच.

ईसीजी, हृदयाला इजा झाली का हे सांगणारी रक्ताची ट्रोपोनिन तपासणी, काही तासांनी पुन्हा तीच, मग रात्रभर मॉनिटर. हार्ट अटॅक नव्हता. बीपी वाढलेलं, गोळीचा डोस बदलला, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी घरी. या काळात ते 'ॲडमिट' नव्हते, 'ऑब्झर्वेशन'मध्ये होते. तीच खोली, तीच खाट, पण विम्याच्या भाषेत तो हॉस्पिटलचा दिवस नाही. फिक्स्ड योजना असती तर रोजच्या खोलीभाड्याचा तुकडाही बहुधा हातचा गेला असता. म्हणून डिस्चार्जच्या वेळी विचारून घ्या, आमची नोंद कशात झाली?

आणखी एक: सकाळी कागदांचा गठ्ठा सहीसाठी येतो, त्यात 'गॅरंटर', म्हणजे बिलाची हमी घेणारा, म्हणून मुलाची सही मागणारा कागद असू शकतो. वाचल्याशिवाय सही नको. कार्डही लगेच पुढे करू नका. विम्याचा तपशील द्या, असिस्टन्सला फोन लावा, पोहोचल्यापासून २४ तासांच्या आत. भारतीय वकिलात बिल भरत नाही. अगदी निराधार प्रसंगी समुदाय कल्याण निधीतून मदत होते, पण मुलगा नोकरीला असलेलं घर त्यात बसत नाही.

अमेरिका नसेल तर

गणित पुष्कळ सोपं होतं. युरोपात शेंगेन व्हिसाच किमान ३०,००० युरोचा विमा मागतो आणि ११२ हा एक नंबर सगळीकडे चालतो. तिथे भारतीय पॉलिसी पुरेशी आहे, अमेरिकन घोळात शिरू नका. इंग्लंडमध्ये इमर्जन्सी विभागातली तपासणी पाहुण्यालाही फुकट, पण वॉर्डात दाखल केलं की एनएचएस या तिथल्या सरकारी आरोग्यसेवेच्या दराच्या दीडपट बिल, आणि ते थकवलं तर पुढच्या व्हिसाला अडतं. साधी शंका असेल तर १११, जिवावरचं असेल तर ९९९. साखर तिथे वेगळ्या एककात मोजतात, आपले १८० म्हणजे त्यांचे १०, तेव्हा आकडा ऐकून हुरळून जाऊ नका. दुबईत ॲम्ब्युलन्स ९९८. कोडीन किंवा ट्रॅमाडॉल असलेलं औषध परवान्याशिवाय तिकडे नेऊ नका, आजारपणापेक्षा मोठं संकट उभं राहील. थायलंडमध्ये १६६९, आणि पर्यटक पोलिसांचा ११५५. बँकॉकची खासगी हॉस्पिटलं उत्तम आहेत, पण आधी कार्ड नाहीतर विम्याची हमी बघतात. तिथे तरुणांचं गाडं अडतं ते भाड्याच्या स्कूटरवर: दुचाकीचा परवाना आणि आरटीओचा आंतरराष्ट्रीय परवाना नसेल तर विमा कंपनी हात वर करते. नेपाळात मुक्तिनाथ किंवा बेस कॅम्पला जाणार असाल तर पॉलिसीत उंचीची मर्यादा किती आणि हेलिकॉप्टर धरलंय का, एवढं पाहिलं की पुरे.

बिलं येतात तेव्हा

अमेरिकेत बिल एक येत नाही. हॉस्पिटलचं वेगळं, डॉक्टरचं वेगळं, एक्स-रे वाचणाऱ्याचं वेगळं, ॲम्ब्युलन्सचं वेगळं, आणि तीही आठवड्या-आठवड्यांच्या अंतराने, टपालाने. पहिल्या कागदावरचा आकडा अंतिम समजून भरून टाकणं ही सगळ्यात महागडी चूक. तपशीलवार बिल मागा. विमा नसेल किंवा नाकारला असेल तर रोख भरणाऱ्याची सूट मागा, हप्ते मागा. धर्मादाय हॉस्पिटलांना आर्थिक मदतीचं लेखी धोरण ठेवावंच लागतं, त्याचा फॉर्म मागा. काही ठिकाणी तो फक्त रहिवाशांना लागू असतो, पण विचारायला पैसे पडत नाहीत.

आमच्याकडे हे खातं बाबांनी स्वतःकडे घेतलं. चष्मा, पट्टी, लाल पेन. रोज टपालाची पेटी उघडायची, कागद तारखेने लावायचे, ओळ न्‌ ओळ तपासायची. तीनदा लावलेल्या एका रक्ततपासणीवर त्यांनी लाल गोल काढला होता. ती खरोखरच तीनदा झाली होती, हे मी त्यांना समजावलं. नाखुशीने पुसला. मग ॲम्ब्युलन्सच्या बिलावर अडले. तिथे अंतराचे पैसे मैलावर लावतात.

"हॉस्पिटल किती लांब आहे रे?"

"चार मैल."

"यांनी नऊ लावलेत." पेनाचं टोपण काढून त्यांनी गोल काढला. "हळदीच्या पट्टीवर तोलाई दोनदा धरली तर शेतकरी दुकानातून हलत नाही. लाव फोन."

मी फोन लावला. तिकडून होल्डचं संगीत सुरू झालं. बाबांनी खुर्ची ओढली, फोन स्पीकरवर टाकायला लावला आणि दुसरा कागद पुढ्यात घेतला.